दोष पाण्याचा नव्हता

मासा आजारी पडला की दुकानात एकच निदान मिळतं: तुमचं पाणी खराब. मासा वर येऊन तोंडाची उघडमीट करतोय? पाणी. शेपटी विरत चाललीय? पाणी. पोट खपाटीला गेलंय आणि मागून पांढरा दोरा लोंबतोय? तेही पाणीच. "निम्म नीरु सरि इल्ला मॅडम," तुमचं पाणी ठीक नाही, हे पालुपद ऐकून माझे कान किटले. शेवटी टेस्ट किट आणलं, पाणी तपासलं, आकडे वहीत लिहिले आणि ती वही दुकानदाराच्या काउंटरवर उघडून ठेवली. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, पीएच सातच्या जरा वर, तापमान २७. त्याने वहीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "बोअरचं असणार," एवढं बोलून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

बोअरचं नव्हतं. आमच्या संपमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या टाकीत, कावेरीचं पाणी येतं. टाकीत घालायचं पाणी मी आदल्या दिवशी बादल्यांत काढून, त्यातलं क्लोरीन मारून ठेवते. हे त्याला ठाऊक होतं, कारण क्लोरीन मारायची बाटली त्याच्याच दुकानातली.

दुकानाचं नाव लिहिणार नाही. मल्लेश्वरममध्ये राहणाऱ्यांनी तर्कही लढवू नयेत. असली दुकानं बंगळुरात गल्लोगल्ली आहेत आणि पुण्या-मुंबईची तऱ्हा वेगळी असेल असं मला वाटत नाही. मी हे लिहितेय त्यात निम्मा राग आहे, तो कशाला लपवू? उरलेलं निम्मं असं की, पोटाच्या आजारात माशाला औषध खाऊ घालायचं असतं आणि ते खाणं घरच्या घरी करता येतं, हे मला वेळेवर कुणीही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माझ्या सहा एंजल माशांतले दोन गेले नसते.

सहाही एंजल त्याच्याकडचेच, एकाच टाकीतले, एकाच दिवशी घेतलेले. आणले तेव्हा गुटगुटीत होते. पुढे एक एक कोपरा धरू लागला. फिल्टरच्या मागे, डोकं किंचित खाली करून, पंख मिटून उभा. खाणं टाकलं की येतो, दाणा तोंडात घेतो, क्षणभर चघळल्यासारखं करतो आणि थुंकतो. पुन्हा घेतो, पुन्हा थुंकतो. समोरून बघितलं तर कपाळ चिमटलेलं, डोळ्यांच्या वरची जागा आत गेलेली. आणि ती विष्ठा. निरोगी माशाची विष्ठा खाण्याच्या रंगाची असते आणि तुटून खाली पडते. ही तुटतच नव्हती. पांढरट, अर्धपारदर्शक, नुसता चिकट पदार्थ. मासा हलला की तीही मागून फरफटत यायची.

दुकानदाराने प्रथम खडे मीठ दिलं. मग निळं औषध. मग पिवळ्या पावडरीची एक पुडी, जिच्यावर ना नाव ना तारीख. "दहा लिटरला चिमूटभर." कसली पावडर, विचारलं, तर म्हणाला, "फिश मेडिसिन." चिमूट कुणाची, त्याची की माझी, हेही विचारलं होतं. टाकीचं पाणी केशरी झालं, काचेच्या सांध्यांतलं सिलिकॉन कायमचं पिवळं पडलं आणि मासे होते तिथेच, कोपऱ्यात. असल्या बिननावाच्या पिवळ्या पुड्यांमध्ये नायट्रोफ्युरान वर्गातली औषधंही असतात, असं पुढे एका पशुवैद्याकडून कळलं. खाण्याच्या माशांच्या शेतीत ती आपल्याकडे केव्हाच बंद केली आहेत. शोभेच्या माशांना मात्र कुणी वाली नाही. पुडीवर नाव नसेल तर ती टाकीत तर सोडाच, घरातही आणू नका.

आता एक साधी गोष्ट, जी मला शाळेत कुणी शिकवली असती तर बरं झालं असतं. गोड्या पाण्यातला मासा पाणी जवळजवळ पीतच नाही. त्याच्या शरीरातले क्षार बाहेरच्या पाण्यापेक्षा जास्त, त्यामुळे पाणी कातडीतून आणि कल्ल्यांतून आपणहून आत शिरत राहतं. ते बाहेर टाकताटाकताच तो बेजार, तहान लागायची कुठून? समुद्रातल्या माशाचं उलटं, तो सतत पाणी पितो. म्हणजे एंजलच्या आतड्यात बिघाड आहे आणि तुम्ही औषध टाकीत ओतताय, तर त्यातलं आतड्यापर्यंत पोचणार किती? थोडंफार पोचतं, पण भरवशाचा रस्ता तोंडाचाच. दुकानदाराला हे माहीत नव्हतं, असं मी बरेच दिवस धरून चालले होते. तिथेच तर सगळी गंमत आहे.

पण आधी निदानाचं. आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक बाई राहतात, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. मल्लेश्वरम हे असल्या लोकांचं आगरच आहे. टाटा इन्स्टिट्यूट नावाने ओळखली जाणारी विज्ञानसंस्था हाकेच्या अंतरावर, त्यामुळे दर दोन घरांमागे एक निवृत्त शास्त्रज्ञ. बाईंकडे जुना मायक्रोस्कोप होता. त्या म्हणाल्या, विष्ठा ताजी हवी, पडल्यावर काही मिनिटांच्या आत, आणि थेंब टाकीच्याच पाण्याचा, नळाचा नाही. मी ड्रॉपर घेऊन टाकीपाशी बसले आणि तो दोरा तुटल्याबरोबर खाली धावले. चारशेपटीवर त्यांनी मला बघायला सांगितलं. सगळं चौकट भरून वळवळत होतं. एकेक इतका बारीक आणि इतका चपळ की नजर ठरत नव्हती. "कशाभिकावाले आहेत," बाई म्हणाल्या. "सहा पुढे, दोन मागे. हेक्झामिटाच्या कुळातले." यातलाच एक, स्पायरोन्युक्लिअस व्हॉर्टेन्स नावाचा, १९९५ मध्ये शास्त्रज्ञांनी एंजल माशाच्याच आतड्यातून पहिल्यांदा नोंदला, ही माहितीही त्यांनीच शोधून दिली. थोडे असले तर निरोगी माशाच्या आतड्यात ते गपगुमान राहतात. मासा दमला, गर्दीत सापडला, पिशवीत घालून शहरभर फिरवला की बळावतात.

म्हणजे पाणी नव्हे. माझ्या वहीतले आकडे खरे होते.

हे सांगायला मी दुकानात गेले ती सकाळच्या वेळी. शटर अर्धं वर, मालक आलेला नाही, एकटा पोऱ्या फरशी पुसून माशांना खाणं घालत होता. गोल्डफिश, गप्पी, मॉली यांना त्याने डब्यातले दाणे मुठीने भिरकावले. मग फ्रिज उघडला. आइस्क्रीमचा जुना डबा काढला, त्यातून खजुराच्या बर्फीसारखी दिसणारी तपकिरी वडी काढली, ब्लेडने तिचे बारीक तुकडे केले आणि ते फक्त एंजलच्या रांगेत टाकले. बाकी कुठल्याच टाकीत नाही. मी विचारलं, हे काय? पोऱ्या भाबडा. "पेट का दवाई है मॅडम. एंजल को हर हफ्ते देते हैं."

मी तिथेच उभी राहिले. त्या रांगेतले मासे निरखून बघितले. खालच्या टाकीत दोघांच्या मागे तोच पांढरा दोरा. वरच्या टाकीतले, काचेवर दर लिहिलेले, मात्र गुटगुटीत.

तेवढ्यात मालक आला. माझी नजर कुठे आहे ते त्याने बघितलं आणि मी काही विचारायच्या आत म्हणाला, "वाइटमिन, मॅडम. वाइटमिन." पोऱ्याने मान खाली घातली. मी म्हटलं, हा पोटाचं औषध म्हणाला. "त्याला काय कळतं?" मग मी त्याच्याशी कन्नडमध्ये बोलायला लागले. मी बेळगावची, माझं कन्नड उत्तरेकडचं, इकडच्या लोकांना ते रांगडं वाटतं. तो हसला. माझे मासे मरतायत आणि हा माझ्या उच्चारांना हसतोय! काडु मल्लेश्वराचं देऊळ शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी बांधलं असं याच मोहल्ल्यात लोक कौतुकाने सांगतात, आणि मी मात्र इथे उपरी. असो, तो विषय वेगळा.

शेवटी तो चिडून म्हणाला, "सगळेच देतात. न देता एंजल विकून दाखवा." हे त्याच्या तोंडून निघालेलं एकमेव खरं वाक्य. आठवड्यातून एकदा थोडं थोडं औषध चारलं की आतड्यातला रोग जात नाही, दबून राहतो. मासा विकण्याइतका बरा दिसतो. घरी आणला की औषध बंद, वरून प्रवासाचा ताण, नवी टाकी. उरलेले जंतू डोकं वर काढतात आणि तोपर्यंत दुकानदाराची जबाबदारी संपलेली असते. मग तो पाण्याला नावं ठेवायला मोकळा. इलाज त्याच्या फ्रिजमध्ये पडला होता आणि मला तो मीठ विकत होता.

भरपाई म्हणून त्याने दोन एंजल फुकट देऊ केले. कुठल्या टाकीतले? त्याच रांगेतले. नाही म्हटल्यावर म्हणाला, "मग जुने सँकी टँकमध्ये सोडून द्या ना." हे मात्र कुणीही, कधीही करू नये. आजारी मासा तळ्यात सोडणं म्हणजे आजार तळ्यात सोडणं, आणि निरोगी परदेशी मासा सोडणं त्याहून वाईट. काच साफ करायला म्हणून आणलेला सकर मासा लोकांनी मोठा झाल्यावर तळ्या-नद्यांत सोडला, तो आज देशभरातल्या कितीतरी जागी देशी माशांच्या मुळावर उठलाय.

औषध मिळवण्याची कथाही थोडक्यात सांगते. या रोगावरचं औषध मेट्रोनिडाझोल. तुमच्या-आमच्या घरात जुलाबाच्या वेळी आलेलं असतं तेच. ते शेड्यूल एचमधलं आहे, चिठ्ठीशिवाय देता येत नाही. मला एका पशुवैद्याने चिठ्ठी दिली. तो कुत्र्या-मांजरांचा डॉक्टर, हे त्याने आधीच सांगितलं. पण स्लाइडचा मोबाइलवरचा व्हिडिओ नीट बघितला, माशांचं अंदाजे वजन विचारलं, पुस्तक काढून प्रमाण पडताळलं. मार्गोसा रोडवरच्या एका औषधवाल्याने चिठ्ठी वाचून पेशंटचं नाव विचारलं. एंजल, म्हटलं. वय? तिथे मला हसू आलं. पण त्याने चिठ्ठी मागितली, ती वाचली, हे योग्यच केलं. राग त्याचा नाही. घरात उरलेल्या गोळ्या चिठ्ठीशिवाय चुरून टाकायचा मोह ज्यांना होतो, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिलं.

आता कृती. फ्लोरिडा विद्यापीठाच्या मत्स्यवैद्यांनी सिक्लिड कुळातल्या माशांसाठी, म्हणजे एंजल, डिस्कस, ऑस्कर वगैरेंसाठी, दिलेलं प्रमाण असं: एक ग्रॅम खाण्यात १० मिलिग्रॅम औषध, सलग ५ दिवस. आमच्या डॉक्टरांनीही तेच धरलं. ऐकायला सोपं. गफलत होते ती पुढे.

पहिली गफलत गोळीच्या वजनाची. ४०० ची गोळी म्हणजे गोळीत औषध ४०० मिलिग्रॅम. गोळीचं वजन त्याहून जास्त भरतं, कारण तिच्यात ती घट्ट राहावी म्हणून इतर पावडरी असतात. गोळी कुटून ती पूड काट्यावर तोलून घेतलीत, तर औषध कमी पडणार. हिशोब गोळीच्या भागांनी करायचा: अर्धी गोळी म्हणजे २००, पाव म्हणजे १००. वरचा रंगीत पापुद्रा कुटला जात नाही, तो चहाच्या बारीक गाळणीने काढून टाकावा.

दुसरी गफलत याहून मोठी, आणि ती मला त्या बाईंनी दाखवली. एक ग्रॅम खाणं म्हणजे कोरडं की ओलं? माशाच्या तोंडात जातं ते. म्हणजे पाणी, जिलेटिन सगळं मिळून तयार झालेल्या वडीचं वजन धरायचं. कोरड्या दाण्यांवर हिशोब करून नंतर त्यात दीडपट पाणी घातलंत तर औषध निम्म्याहून खाली येतं. दुकानातल्या त्या वडीत किती होतं देव जाणे.

मी २० ग्रॅम वडी करते. त्यात अर्धी गोळी, ४०० मधली. माशांचे दाणे ८ ग्रॅम, मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात पिठासारखे दळून. पाणी १२ मिली, औषधाच्या सिरिंजने मोजून. जिलेटिन अर्धा छोटा चमचा, बिनवासाचं, बिनसाखरेचं. जिलेटिन गरम पाण्यात विरघळवायचं, बोट सहज बुडवता येईल इतकं निवू द्यायचं, मग त्यात पीठ आणि गोळीची पूड एकत्र कालवायची. पूड आधी कोरड्या पिठात चांगली मिसळून घ्या, नाहीतर एका कोपऱ्यात सगळं औषध आणि दुसरा कोपरा कोरा. ते मिश्रण झिपच्या पिशवीत घालून लाटण्याने पापडापेक्षा जरा जाड पसरायचं, फ्रिजमध्ये घट्ट होऊ द्यायचं, सुरीने बाहेरूनच चौकडी आखायची आणि फ्रीझरमध्ये. रोज एक पट्टी तोडायची. स्वयंपाकघरातला वजनकाटा इथे कुचकामी, तो ग्रॅमग्रॅमने उडी मारतो. सोनाराकडे असतो तसला छोटा काटा स्वस्तात मिळतो, तो घ्या. तो नसेल तर पूर्ण गोळी धरून ४० ग्रॅमची वडी करा, चूक थोडी विरघळते. नुसतं औषध दाण्यांवर भुरभुरवून पाण्यात टाकणं मात्र व्यर्थ. मासा तोंड उघडेपर्यंत ते पाण्यात गेलेलं असतं. जिलेटिन घालायचं ते याचसाठी.

आमच्या घरात या कृतीला एक अडचण आली. सासूबाईंना जिलेटिन कशाचं असतं ते कुणीतरी सांगितलं. माझ्या स्वयंपाकघरात हाडं शिजवणार? खरं तर माशांच्या त्या दाण्यांतही मासळीचं पीठ असतं, पण ते डब्यावर बारीक इंग्रजीत लिहिलेलं आहे, आणि मी कशाला वाचून दाखवू? मग चायना ग्रास वापरलं. चालतं, पण त्याची तऱ्हा वेगळी. ते खळखळून उकळल्याशिवाय विरघळत नाही आणि कोमट व्हायच्या आतच घट्ट व्हायला लागतं, म्हणजे औषध घालायला वेळ फार थोडा मिळतो. शिवाय १२ मिली पाणी उकळायला ठेवलं तर अर्धं वाफेत जातं. पन्नास-साठ मिली पाण्यात चिमूट-दोन चिमटी घालून उकळायचं आणि त्यातलं गरम गरम १२ मिली सिरिंजने मोजून घ्यायचं, उरलेलं फेकायचं. खलबत्ता, सुरी, चटणीचं भांडं वेगळं ठेवलं. ही गोष्ट सासूबाईंसाठी नव्हे, सगळ्यांसाठीच बरी. डब्यावर मराठी, कन्नड आणि इंग्रजी, तिन्हीत लिहून चिकटवलं: माशांचं औषध. आमच्या कामवाल्या बाई कन्नड वाचतात, मुलं इंग्रजी, आणि सासूबाईंना फ्रीझरमधली प्रत्येक वडी चाखून बघायची सवय आहे.

मेट्रोनिडाझोल कडूजहर असतं. पहिल्या दिवशी एंजलनी घास घेतला आणि थुंकला. लसणाचा रस दोन थेंब घातल्यावर खाल्ला. लसणाने रोग बरा होतो म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, त्याने फक्त वास सुधारतो. आदल्या दिवशी उपाशी ठेवलं होतं, त्याचाही उपयोग झाला असावा. एका मिनिटात खातील एवढंच टाकायचं, उरलेलं लगेच नळीने ओढून काढायचं. त्या पाच दिवसांत दुसरं काही खायला द्यायचं नाही, नाहीतर कडू घास सोडून ते दाण्यांची वाट बघत बसतात. फिल्टरमध्ये कोळसा असेल तर काढून ठेवा, तो औषध शोषतो.

आणि बघत उभे राहा. नुसतं टाकून जाऊ नका. एंजलमध्ये एक दादा असतो, तो सगळ्यांना हुसकून स्वतः खातो. ज्याला औषधाची सर्वांत जास्त गरज, तोच मागे फिल्टरआड. आमच्याकडे दादाने दोन दिवस चौघांचं औषध खाल्लं. मग त्याला जाळीआड कोंडला आणि त्या मागच्याला लांब चिमट्याने थेट तोंडापुढे तुकडा धरला. तुकडा चिमट्यातून सुटताना त्याने डोळा माझ्याकडे वळवला, मग गिळला. गिळला हे महत्त्वाचं. कल्ल्यांतून चुरा बाहेर आला तर तो घास मोजू नका.

जो मासा काहीच खात नाही, त्याच्यासाठी ही वडी निरुपयोगी. आमचे दोघे त्याच अवस्थेला पोचले होते. तशा माशासाठी वेगळ्या टाकीत औषधाचं पाणी, ३८ लिटरला २५० मिलिग्रॅम, हेही त्याच मत्स्यवैद्यांचं प्रमाण. दोघांना दिलं, उशीर झाला होता. मीठ आणि निळं-पिवळं औषध यांत गेलेले दिवस परत थोडेच मिळणार? हे मी दुकानदाराला सांगितलं तेव्हा तो मोबाइलवर बोलत होता.

प्रत्येक पांढरी विष्ठा म्हणजे हेक्झामिटा नव्हे. कृमी असतील तर मेट्रोनिडाझोलने त्यांच्या केसालाही धक्का लागत नाही. त्यांना फेनबेंडाझोल, प्राझिक्वांटेल, लेव्हामिझोल अशी वेगळी औषधं. मागून लाल केसासारखं काही डोकावत असेल तर ते बहुधा कॅमालॅनस, तो जिवंत पिल्लं घालतो आणि टाकीभर पसरतो. अंगावर मिठाचे कण शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके असतील तर औषधी खाण्याचा उपयोग नाही. तो परजीवी कातडीखाली दडून असतो, तिथून सुटून पाण्यात पोहत असतानाच मारता येतो. तेव्हा औषध पाण्यातच. आणि मायक्रोस्कोप नसेल तर? कुठल्याही कॉलेजच्या जीवशास्त्र विभागात विचारा, शिक्षकांना असल्या स्लाइड्स आवडतात. अंदाजाने तीन औषधं एका वडीत कालवू नका. चौथ्या दिवशी मासा बरा दिसला म्हणून कोर्स तोडू नका, दुकानात चालतं ते तेच. पाचव्या दिवसानंतर पुन्हा स्लाइड बघा, पुन्हा द्यायचं की नाही ते डॉक्टर सांगेल. उरलेल्या गोळ्या सिंकमध्ये टाकू नका. हाताला जखम असेल तर टाकीत हात घालू नका, माशांकडून माणसाच्या कातडीला होणारा एक चिवट जंतुसंसर्ग आहे, बरा व्हायला महिने लागतात. जास्त खायला घालू नका, पाणी वेळेवर बदला, वगैरे सगळं तुम्हाला माहीतच आहे.

नवे मासे वेगळ्या टाकीत ठेवा, निदान महिनाभर. जागा नाही म्हणू नका, चाळीस लिटरची टाकी पलंगाखालून बाहेर काढता येते. विकत घेण्याआधी दुकानदाराला त्यांना खायला घालायला सांगा आणि तिथे उभे राहून विष्ठेचा रंग बघा. सकाळी जा, फरशी पुसायच्या वेळी. मालकाला नव्हे, पोऱ्याला विचारा.

सरकारबद्दल एवढंच. २०१७ च्या मे महिन्यात केंद्राने मत्स्यालयांच्या दुकानांसाठी नियम काढले होते. दुकानात मत्स्यवैद्य किंवा तज्ज्ञ असावा, अशी अट त्यात होती. कितीतरी जातींच्या विक्रीवरच बंदी घातली होती. व्यापाऱ्यांनी ओरड केली, बरीचशी रास्त होती, कारण नियम कागदावर बसून लिहिलेले वाटत होते. ते नियम मग मागे घेतले गेले. आमचा दुकानदार ती गोष्ट आजही अभिमानाने सांगतो, जणू तोच दिल्लीला जाऊन आला.

ग्राहक आयोगाकडे जावं असं माझ्या मनात होतं. ओळखीच्या वकिलाने पहिला प्रश्न विचारला, बिल आहे का? नव्हतं. मागितलं होतं तेव्हा "नेहमीच्या गिऱ्हाइकाला बिल कसलं?" असं म्हणून त्याने वीस रुपये कमी केले होते. हल्ली मी एअरस्टोनचंही बिल घेते, दुसऱ्या दुकानातून, आणि मासे घेतले तर त्यावर जात, संख्या आणि टाकीचा नंबर लिहून घेते. नुसतं 'फिश' लिहिलेलं बिल चालत नाही, वकिलाने सांगितलंय.